जत्रेतलं खाजं घरच्या कढईत

मालवणी मुलखात जत्रेला जाऊन रिकाम्या हाताने परतण्याची सोय नाही. शेजारची काकी अंगणातच गाठते आणि पहिला प्रश्न विचारते, "खाजा खय आसा?" देवदर्शन कसं झालं, दशावतारात संकासुर कोण होता, हे सगळं नंतर. कार्तिक पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात गावोगावचे दहीकाले, म्हणजे जत्रा, सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा होते, महाशिवरात्रीला कुणकेश्वर भरतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची तारीख तर पंचांगात नसते, ती देवीच्या कौलावर ठरते. देऊळ कुठलंही असो, बाहेर खाज्याचे, म्हणजे गुळाच्या पाकात घोळवलेल्या बेसनाच्या तळलेल्या कांड्यांचे, पिवळसर पांढरे ढीग असतातच. गोव्यातही हेच खाजं आहे आणि तिथल्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

घरी खाजं करायला घेणारे बहुतेक जण तळणीची काळजी करतात. तळण सांभाळायला हवंच, पण ते एकदोन घाण्यांत जमतं. खाजं बिघडतं ते पाकात. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या परातीत चकचकीत तपकिरी, एकमेकांना घट्ट धरून बसलेला एक डोंगर तयार झाला होता. आमच्या वाडीतले एक आजोबा तरुणपणी जत्रांमधून हलवायाच्या कढईवर झारा चालवत. त्यांनी एक तुकडा दाताखाली धरला आणि म्हणाले, "ह्यां खाजा न्हय गो, ही चिकी झाली." पुढचं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे, आणि थोडं गूळ वाया घालवून.

सामान

खाली दिलेल्या मापात किलोभराच्या वर खाजं होतं. पहिल्या वेळी याहून जास्त करू नका. पाकात घोळवण्यासाठी जो वेळ मिळतो तो दोनतीन मिनिटांचा असतो, आणि तेवढ्यात दोन हातांना एवढंच आवरतं.

कांड्यांसाठी: बेसन ५०० ग्रॅम, तांदळाचं पीठ ५० ग्रॅम, मोहनासाठी तेल ३ मोठे चमचे, हळद पाव चमचा, मीठ अर्धा चमचा, पाणी साधारण एक कप, तळायला तेल.

पाकासाठी: गूळ ४५० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, पाणी अर्धा कप, आलं ५० ग्रॅम, सुंठपूड एक चमचा, पिठीसाखर दोन मोठे चमचे. आवडत असतील तर भाजलेले पांढरे तीळ दोन मोठे चमचे.

बेसन शक्यतो गिरणीवरून दळून आणा आणि किंचित रवाळ ठेवायला सांगा. पाकिटातलं अगदी मऊ पीठ चालतं, पण त्याची कांडी जरा घट्ट होते. तांदळाच्या पिठाने खुसखुशीतपणा येतो. हात सैल सोडून जास्त घातलंत तर कांडी खुसखुशीत न होता दगडी होते.

गुळाबद्दल दुकानदाराला नीट सांगा. चिकीचा गूळ नको. तो चिवट राहण्यासाठीच केलेला असतो आणि आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. कडक, कोरडा, फोडल्यावर कणीदार दिसणारा गूळ घ्या. फार काळा गूळ घेतलात तर चव छान लागते, पण खाजं पांढुरकं होत नाही.

सोऱ्याला जाड भोकांची चकती लागते, गाठीची असते तशी, साधारण करंगळीच्या निम्म्या जाडीची. ती नसेल तर पोळपाटावर तळहाताने कांड्या वळा. वेळ दुप्पट लागेल, पण मुलांना कामाला लावायची ही चांगली संधी आहे.

दिवस कोणता निवडायचा

हा प्रश्न पाककृतीत कुणी लिहीत नाही, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो विचारावाच लागतो. गूळ हवेतलं पाणी ओढतो. आषाढ-श्रावणात खाजं करायला घेतलंत तर कितीही अचूक पाक करा, संध्याकाळपर्यंत ते बोटांना चिकटायला लागतं. खाज्याचा हंगाम म्हणजे जत्रांचा हंगाम, कार्तिक ते फाल्गुन. तेव्हा हवा कोरडी असते आणि खाजं उघड्या टोपलीतही रात्रभर टिकतं. हौस आवरत नसेल तर मे महिन्यातही होईल, फक्त पंखा फुल ठेवा आणि समुद्राकडची खिडकी लावून घ्या.

काम दोन दिवसांत वाटून घ्यावं असं माझं मत आहे. पहिल्या दिवशी दुपारी कांड्या तळायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पाक. कांड्या पूर्ण गार आणि कोरड्या झालेल्या हव्यात. गरम कांडीवर पाक घातला की आतली वाफ गुळाखाली अडकते आणि दोन दिवसांत खाजं नरम पडतं.

पीठ

बेसन आणि तांदळाचं पीठ एकत्र चाळून घ्या. चाळायचा कंटाळा करू नका, कारण पिठातली गुठळी तेलात फुटू शकते. हळद, मीठ घालून मध्ये खळगा करा. तेल चांगलं तापवून, पिठाची चिमूट टाकल्यावर लगेच फसफसेल इतकं कडकडीत, त्या खळग्यात ओता. चमच्याने ढवळा आणि हाताला सोसवेल तेव्हा दोन्ही तळव्यांत पीठ चोळा. मूठ वळली तर मुटका बनावा आणि बोट लावल्यावर मोडावा, एवढं मोहन पुरे. मोहन जास्त झालं तर कांड्या तेलात विरघळल्यासारख्या सुटतात.

आता पाणी थोडं थोडं. बेसन लबाड आहे. आधी कोरडं कोरडं वाटतं, आणि मग एका चमच्याने एकदम चिकट होतं. शेवटचा पाव कप चमच्यानेच घाला. पीठ चकलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट हवं. मळून झाल्यावर जास्त वेळ ठेवायचं नाही, दहा मिनिटं पुरेत. ठेवलेलं बेसन सैल होत जातं. म्हणून मी निम्मं पीठ आधी भिजवते आणि ते तळून होत आलं की उरलेलं.

खाण्याचा सोडा घालावा का, हे हमखास विचारलं जातं. मी घालत नाही. सोड्याने कांडी हलकी होते खरी, पण तेल पिते आणि पाकात ढवळताना तुटते.

तळण

हलवाई सोऱ्या थेट कढईवर धरून दाबतो आणि लांब दांड्या तळल्यावर मोडतो. घरी तसं करू नका. वाफेवर हात धरून घट्ट पीठ दाबायचं म्हणजे चटका ठरलेला. तेलाचा हात फिरवलेल्या ताटात दांड्या पाडा, सुरीने बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा आणि झाऱ्यावर घेऊन अलगद तेलात सोडा. सोऱ्यात पीठ भरताना दाबून भरा. मध्ये हवा राहिली तर कांडी पोकळ होते, आणि पोकळ कांडी तेलात फुटून उडते. मुलांना या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

कढई निम्मीच भरा. शेंगदाण्याचं तेल मला आवडतं. तेल तापलं की पिठाची छोटी गोळी टाका. ती तळाशी जाऊन, दोन आकडे मोजेपर्यंत थांबून मग सावकाश वर आली पाहिजे. टाकल्या टाकल्या वर उसळली तर आच कमी करा. थर्मामीटर असेल तर १५० ते १६० अंश सेल्सिअस.

पहिली दोन मिनिटं झारा लावायचा नाही, कांड्या कोवळ्या असतात आणि मोडतात. मग हलक्या हाताने उलथत आठ ते दहा मिनिटं मंद आचेवर. घाई इथे नडते. मोठ्या आचेवर चार मिनिटांत सुंदर रंग येतो आणि आत पीठ कच्चं राहतं. अशी कच्ची कांडी गुळातून गेली की चव तर बिघडतेच, शिवाय लवकर खवट होते.

झालं हे कानाने कळतं. सुरुवातीला तेल जोरात चुरचुरत असतं, मग आवाज बसतो आणि बुडबुडे तुरळक होतात. एक कांडी काढून, अर्धा मिनिट गार करून मोडा. कट्कन मोडली आणि मधोमध ओलसर गडद रेघ नसली की घाणा काढा. रंग हळदीपेक्षा एक छटा गडद, एवढाच. कढईतून काढल्यावरही थोडा रंग चढतो.

कागदावर पसरा, ढीग करू नका. ढिगात वाफ धरते. गार झाल्यावर डब्यात भरा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत विसरून जा. खरं तर विसरता येत नाही. आमच्याकडे पावशेर तरी चहाबरोबर संपतं, म्हणून मी वर दिलेल्या मापात मूठभर पीठ जास्तच धरते.

पाक

इथून पुढे फोन उचलायचा नाही.

आधी काय घडवायचंय ते समजून घ्या, म्हणजे खुणा आपोआप कळतील. चिकीत गूळ काचेसारखा गोठतो, पारदर्शक आणि अखंड. खाज्यात त्याच गुळाची बारीक कणी पडायला हवी. कणी पडली की पाकाची चमक जाते, रंग फिका पांढुरका होतो, चिकटपणा सुटतो आणि कांड्या एकमेकींपासून मोकळ्या होतात. कणी पडायला दोन गोष्टी लागतात. पाक योग्य तेवढा आटलेला हवा आणि तो गार होत असताना सतत ढवळला गेला पाहिजे. गुळात मुळातच काही साखर अशी असते जी कणी धरू देत नाही. म्हणून थोडी साखर मिसळायची, ती कणी धरायला मदत करते. आणि म्हणूनच पाकात लिंबू पिळायचं नाही. लाडवांच्या पाकात आपण लिंबाचे थेंब घालतो ते कणी पडू नये म्हणून, इथे तर तीच हवी आहे.

सगळं सामान आधी हाताशी मांडा. मोठी परात किंवा दुसरी रुंद कढई, दोन झारे, कांड्या, सुंठपूड, तीळ, पिठीसाखर, आणि गार पाण्याची वाटी. घरातलं एक माणूस मदतीला हवं. एकटीने होतं, पण पहिल्या वेळी नको.

आलं किसून पिळून रस काढा. गूळ चिरून अर्धा कप पाण्यात मंद आचेवर विरघळवा आणि गाळून घ्या. गुऱ्हाळातला बारीक कचरा गुळात असतोच. गाळलेल्या पाण्यात साखर आणि आल्याचा रस घालून मध्यम आचेवर ठेवा. आलं उकळीत थोडं सौम्य होतं, त्याची भरपाई शेवटी सुंठ करते. सगळं आलं शेवटी घातलं तर पाकात नवं पाणी येतं आणि केलेली मेहनत परत पाच मिनिटं मागे जाते.

पाक फेसाळून वर येईल, म्हणून भांडं उंच घ्या. हळूहळू बुडबुडे मोठे आणि जड होतात. तेव्हापासून दर अर्ध्या मिनिटाने गार पाण्यात थेंब टाकून बघा. आधी थेंब पाण्यात पसरतो. मग मऊ गोळी होते, पण बोटातून निसटते. त्यानंतर गोळी घट्ट होते, बोटांत धरता येते, दाबली तर दबते पण आकार सोडत नाही. हाच क्षण. आच बंद. थर्मामीटरवर १२० ते १२२ अंश. यापुढे गेलात तर गोळी वाटीवर मारल्यावर टण्ण वाजते, तो चिकीचा पाक.

थेंब तपासताना भांडं आचेवरून खाली घ्या. तुम्ही वाटीत बोटं घालून गोळी शोधत असता आणि तिकडे पाक पुढे निघून जातो. माझा पहिला डोंगर असाच झाला होता.

आता कांड्या परातीत पसरा. एकाने पाक बारीक धारेने सगळीकडे ओतायचा, दुसऱ्याने दोन झाऱ्यांनी तळापासून वर उचलून उलथायचं. भाताला फोडणी कालवताना शितं मोडू नयेत म्हणून उलथतो तसं. सुंठ आणि तीळ याच वेळी. मिनिटभर काहीच होत नाहीये असं वाटेल, सगळं चकचकीत आणि चिकट. थांबायचं नाही. मग झाऱ्याला ओढ जाणवते, परातीच्या कडेला चमक मंदावते. त्या क्षणी पिठीसाखर भुरभुरवा. तिच्या कणांवर गुळाची कणी चटकन धरते. अजून मिनिटभर उलथलंत की रंग उतरतो आणि परातीत कांड्यांचा खडखड आवाज यायला लागतो. तो आवाज आला की तुमचं काम झालं. पंख्याखाली पसरा.

हात लावायचा मोह टाळा. गोळीबंद पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो, आणि कातडीला चिकटून राहतो.

बिघडलं तर

कांड्या चिकट राहिल्या, चमक गेलीच नाही, तर पाक कमी आटला आहे. परातीसकट फेकू नका. सगळं जाड बुडाच्या कढईत घालून अगदी मंद आचेवर तीनचार मिनिटं उलथत राहा, मग खाली घेऊन परत ढवळा. बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत कणी पडते. आजोबा म्हणायचे की जत्रेतही हे होतं, फक्त गिऱ्हाइकाला दिसत नाही.

सगळं एकत्र घट्ट होऊ लागलं तर तो चिकीच्या बाजूला गेलेला पाक आहे. यावर मालवणी उत्तर तयार आहे, खडखडे लाडू. आपल्याकडे बेसनाच्या शेवेचे गुळातले कडक लाडू होतातच. मिश्रण कोमट असतानाच कांड्या झाऱ्याने जाडसर मोडा, हाताला पाणी लावून पटापट लाडू वळा. कुणी विचारलं तर हेच करायचं होतं असं सांगा. गार झालं असेल तर कढईत दोन मिनिटं शेकलं की परत वळता येतं.

पांढुरकेपणा कुठे आला, कुठे नाही, अशी ठिगळं दिसत असतील तर काळजी नको. चवीत फरक पडत नाही. पुढच्या वेळी परात मोठी घ्या.

खाजं खाताना तेल जाणवत असेल तर चूक आदल्या दिवशीची आहे. तेल नीट तापलेलं नव्हतं, किंवा मोहन जास्त झालं.

ठेवणं आणि वाटणं

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. कोरड्या दिवसांत तीन आठवडे कुरकुरीत राहतं, पावसाळी हवेत आठवडा. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं आणि गूळ सुटतो. चाकरमान्यांना मुंबईला पाठवायचं असेल तर छोट्या छोट्या पिशव्या करा. एकच मोठी पिशवी दहा वेळा उघडली जाते आणि तळातलं खाजं नरम मिळतं. छापील वर्तमानपत्रात बांधण्याचा हट्ट मात्र सोडा, शाई गुळाला लागते. साधा बटर पेपर चांगला.

घासायला टाकण्याआधी पाकाच्या भांड्याकडे एकदा बघा. तळाला आणि कडांना गूळ, आलं चिकटलेलं असतं. त्यात दोन कप पाणी घालून उकळा, झाऱ्याने कडा सोडवा, चहापूड टाका आणि गाळा. दूध घालायचं नाही, फाटेल. हा कोरा चहा आणि परातीच्या कोपऱ्यातला खाज्याचा चुरा, हा वाटा करणाऱ्याचा असतो. तो कुणाला सांगू नका, आणि शेजारच्या काकीला तर मुळीच नको.